अणुभट्टीच्या पंधराव्या दिवशी

भांडारकर रस्त्यावर पोहोचाल तेव्हा साल बदलल्याचं आधी नाकाला कळेल. धूर येतोय. दिवस सोमवार, २५ जुलै १९६०, सकाळचे सहा. पहिला श्रावणी सोमवार आहे, म्हणजे मुलांची शाळा अर्धा दिवस आणि निम्म्या घरांत उपास. बंगल्याबंगल्याच्या मागच्या अंगणात तांब्याचे बंब पेटलेत. एखाद्या बंबापाशी दोन मिनिटं थांबाच, कारण आज ज्या भाषणाला तुम्हाला जायचंय त्याचा या बंबाशी थेट संबंध आहे. मधल्या नळकांड्यात लाकडाच्या ढलप्या, त्यावर मोडलेली गोवरी, वर एक करवंटी. पावसानं ढलप्या दमट झाल्यात, त्यामुळे रॉकेलचा बोळा लागतो. तो भडकतो, विझतो, पुन्हा भडकतो. खालच्या जाळीतून राख गळते, तोटीखाली घंगाळ सरकवलेलं असतं आणि बंबाची राखण करणाऱ्या पोराचे डोळे धुरानं लाल झालेले असतात. चार माणसांच्या आंघोळीसाठी रोज एवढा खटाटोप.

खिशात नवे पैसे ठेवा. बोलताना मात्र लोक अजून आण्यांतच हिशेब करतील, गोंधळू नका. महाराष्ट्र राज्य होऊन तीन महिनेसुद्धा झालेले नाहीत. फिरायला सायकल घ्या. इथे प्रोफेसरापासून शिंप्यापर्यंत सगळे सायकलवरच असतात, त्यामुळे तुमच्याकडे कोणी वळून बघणार नाही. राहता राहिलं पानशेत. धरणाचं काम चालू आहे आणि पुढल्या वर्षी १२ जुलैला ते फुटणार आहे. याचं काय करायचं ते तुमच्या सदसद्विवेकबुद्धीवर सोपवतो. मात्र सांगून कोणी ऐकणार नाही, एवढं सांगून ठेवतो.

आता टेकडीकडे बघा. तुम्हाला ज्यांचं भाषण ऐकायचंय ते दामोदर धर्मानंद कोसंबी याच रस्त्यावर राहतात आणि या टेकड्या पायाखाली घालतात. उतारावर गुडघे टेकून पावसानं धुतलेली माती निरखलीत, तर नखाएवढी गारगोटीची पाती दिसतील, एका कडेनं मुद्दाम धार काढलेली. हजारो वर्षांपूर्वीच्या शिकाऱ्यांची ही हत्यारं. पुणेकर पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्यावरून फिरायला गेले. कोसंबींनी ती वेचली, मापली आणि त्यावर लिहिलं. हा माणूस मुळात गणिती. तक्षशिलेची नाणी त्यांनी एकेक करून तराजूत टाकली, झिजलेल्या वजनावरून ती किती काळ हातोहात फिरली ते काढलं आणि त्या आकड्यांतून इतिहास उभा केला. एखादी गोष्ट त्यांना आवडली नाही, तरी ते ती आधी तोलून बघतात. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

भाषणाला अवकाश आहे. तोवर जरा मागे जाऊन येऊ.

१९५१ सालातल्या एका सकाळी तुम्ही डेक्कन क्वीनमध्ये बसला आहात. डायनिंग कारमधून टोस्टचा वास येतोय, पासवाल्यांचा पत्त्यांचा डाव खडकी येण्याआधीच रंगलाय. खिडकीशी अंगापिंडानं भक्कम असा एक गृहस्थ वाचत बसलाय. डावात त्याला कोणी ओढत नाही. तो जगभरच्या कष्टकऱ्यांच्या बाजूनं लिहिणारा मार्क्सवादी आहे आणि ही गाडी अशी, की तिला १९५५ पर्यंत तिसरा वर्गच नव्हता. (ही विसंगती त्यांच्या लक्षात आली नसेल असं मला वाटत नाही. पण मुंबईला वेळेवर पोहोचवणारी दुसरी गाडी होती कुठे?)

हे कोसंबीच. जन्म १९०७ सालचा, गोव्यातला. वडील धर्मानंद, पाली आणि बौद्ध धर्माचे पंडित. ते हार्वर्डला कामासाठी गेले तेव्हा मुलगाही अमेरिकेत शिकला आणि १९२९ मध्ये हार्वर्डचाच पदवीधर झाला. मग बनारस, अलीगढ, आणि १९३३ पासून बारा वर्षं फर्ग्युसनमध्ये गणिताचे प्राध्यापक. १९४५ मध्ये होमी भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था काढली आणि कोसंबींना बोलावून घेतलं. बोलावणारे भाभा होते, हे विसरायचं नाही. पुढच्या भांडणाची गोष्ट सांगताना लोक हे पहिलं वाक्य गाळतात. घर पुण्यात, नोकरी मुंबईत, म्हणून ही गाडी.

या वर्षी कोरियात युद्ध चालू आहे. आदल्या वर्षी, १९५० च्या मार्चमध्ये स्टॉकहोमहून अण्वस्त्रबंदीचं आवाहन निघालं आणि जगभर त्यावर सह्या गोळा झाल्या. त्याच्या अग्रभागी फ्रान्सचे जोलिओ-क्युरी होते, नोबेलविजेते आणि फ्रान्सच्या अणुऊर्जा आयोगाचे प्रमुख. दीड महिन्यात त्यांच्या सरकारनं त्यांना पदावरून दूर केलं. १९५४ मध्ये अमेरिकेत अणुबाँबचे जनक ओपेनहायमर यांचा सुरक्षा परवाना जाणार आहे. समोरच्या गृहस्थालाही हीच चळवळ ओढून घेते. १९५१ मध्येच न्यूयॉर्कच्या ‘मंथली रिव्ह्यू’त त्यांचा साम्राज्यवाद आणि शांतता यांवरचा लेख छापून येतो. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की शांतता म्हणजे चांगल्या माणसांची सदिच्छा नव्हे. युद्धातून कुणाला काय मिळतं याचा हिशेब मांडल्याशिवाय शांततेची गोष्ट करता येत नाही.

बोरीबंदरला उतरून तुम्ही त्यांच्या मागोमाग अपोलो बंदरापर्यंत गेलात, तर जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत संस्था भरलेली दिसेल. गोऱ्या साहेबांच्या नौकाविहाराची जागा आता वैश्विक किरणांना आणि बीजगणिताला दिली आहे. पण ही जागाही तात्पुरतीच. कायमची इमारत कुलाब्याच्या टोकाला होईल, लष्करी बराकींच्या जमिनीवर, नौदलाच्या वसाहतीला लागून. जागा मिळवायची तर भारतात कुणाकडे जावं लागतं, हे भाभांना बरोब्बर ठाऊक होतं.

परत चला १९६० मध्ये. सायकल काढा, लष्करी पुणं बघून घेऊ.

खडकीच्या रस्त्याला लागलात की भोंगा ऐकू येईल. दारूगोळ्याचा हा कारखाना १८६९ पासून इथे आहे, म्हणजे फर्ग्युसन कॉलेजपेक्षाही जुना. पुण्याला आपण विद्येचं माहेरघर म्हणतो. पण काडतुसांचं माहेरघर त्याआधीचं आहे आणि दोन्ही घरांत येणंजाणं कायम राहिलं. खडकवासल्याला १९५५ पासून राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. १९५२ मध्ये शस्त्रास्त्रविद्या शिकवणारी संस्था खडकीत निघाली. १९५८ मध्ये दिल्लीत संरक्षण संशोधन आणि विकास संघटना जन्मली आणि त्याच वर्षी पुण्यात शस्त्रास्त्र संशोधन आणि विकास आस्थापना उभी राहिली. तिकडे पाषाणच्या रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, तिचं उद्घाटन नेहरूंनी जानेवारी १९५० मध्ये केलं. ही पूर्णपणे नागरी संस्था. पण एम.एस्सी. झालेल्या पुणेरी मुलाला विचाराल, तर तो दोन्हीकडे अर्ज टाकून बसलेला असतो. जिथून पत्र आधी येईल तिथे. आईबापांना एवढंच हवं असतं की नोकरी सरकारी असावी आणि मुलगा संध्याकाळी जेवायला घरी यावा. कोणाला बाँब करायचा नसतो. कोणाला शांतिदूतही व्हायचं नसतं. शास्त्रज्ञ आणि लष्कर यांचं नातं सांगताना आपण भाभा, ओपेनहायमर अशी ठळक नावं घेतो. या सायकलीवरून जाणाऱ्या डबेवाल्या शास्त्रज्ञाचं नाव कोणी घेत नाही. यंत्रणा मात्र त्याच्यावर चालते.

आता भाषणाला चला. पुण्याचा रोटरी क्लब. छत्र्या दाराशी ठेवल्यात, त्यांचं पाणी फरशीवर ओघळलंय. आत कोट घातलेले डॉक्टर, वकील, कारखानदार. शेजारच्या खुर्चीवरचे निवृत्त गृहस्थ तुमच्याकडे वरपासून खालपर्यंत बघतात.

“नवीन दिसता. कुणाचे पाहुणे?”

“बाहेरगावचा आहे,” तुम्ही म्हणता. खोटं नाही ते.

“मग नीट ऐका. हा मनुष्य नोकरी करतो भाभांकडे आणि बोलतो त्यांच्याविरुद्ध. हिंमत म्हणायची का आगाऊपणा, ते तुमचं तुम्ही ठरवा.”

विषय आहे भारतासाठी अणुशक्ती. वेळ कशी बघा. बरोबर पंधरा दिवसांपूर्वी, १० जुलैला, ट्रॉम्बेला ‘सायरस’ ही अणुभट्टी पेटली आहे. ४० मेगावॉटची. भट्टी कॅनडानं दिलेली, जड पाणी अमेरिकेचं, हेतू शांततामय असं लेखी वचन. देशभर अभिमानाची लाट आहे. आशियातली पहिली अणुभट्टी ‘अप्सरा’ आपण चार वर्षांपूर्वीच चालवून दाखवली आणि आता ही तिची थोरली बहीण. देशाच्या अणुकार्यक्रमाचे प्रमुख भाभा १९५५ मध्ये जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय अणुपरिषदेचे अध्यक्ष होते. ते नेहरूंना पत्र लिहितात आणि कामं होतात. अशा पंधरवड्यात, अशा सभेत, त्यांच्याच संस्थेतला एक प्राध्यापक उभा राहतो.

तुम्हाला वाटतं, आता हिरोशिमा येईल, नैतिकता येईल, गांधी-बुद्ध येतील. तसं होत नाही. कोसंबी खर्चावर येतात. पुढारलेल्या देशांत अणूची वीज स्वस्त म्हणून दाखवतात, पण तिथल्या भट्ट्यांचा खरा खर्च लष्कराच्या खात्यात पडलेला असतो. बाँबसाठी लागणारं द्रव्य बनवायचं म्हणून भट्टी उभी राहते आणि वीज तिच्या मागोमाग येते. तुम्हाला बाँब नको असेल, तर ती सवलत तुम्हाला मिळणार नाही आणि मग उरलेला हिशेब तुमच्या खिशाला झेपणारा नाही. हे व्यापाऱ्यांनी भरलेल्या सभेत बोलायला फार योग्य वाक्य आहे. दोन-तीन माना हलतात.

पुढे किरणोत्सर्ग. इथे ते नुसते गणिती राहत नाहीत. गुणसूत्रावरच्या जनुकांमधलं अंतर मोजायचं एक सूत्र त्यांनी १९४४ मध्ये मांडलंय आणि आनुवंशशास्त्रात ते त्यांच्या नावानं चालतं. किरणांनी जनुकांत होणारा बिघाड पिढ्यान्‌पिढ्या उतरतो, हे त्यांना वर्तमानपत्रात वाचून समजलेलं नाही.

आणि मग सूर्य. बाहेर श्रावणसर कोसळतेय, छपरावर असा आवाज की मागच्या रांगेला ऐकू येत नाही, आणि हा गृहस्थ उन्हाबद्दल बोलतोय. एक-दोघं हसतात. पण मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. या देशात वर्षाचे आठ-नऊ महिने कडक ऊन असतं. ते सगळीकडे पडतं, त्याला तारा टाकून खेड्यात न्यावं लागत नाही. आज देश ज्या इंधनावर स्वयंपाक करतो ते म्हणजे लाकूड आणि शेण. लाकडापायी डोंगर बोडके होतात आणि शेण चुलीत गेलं की शेताच्या वाट्याला खत येत नाही. म्हणून संशोधनाचा पैसा घालायचा तर तो सूर्यशक्तीत घाला, आणि ती लहानलहान, जागच्या जागी वापरण्याजोगी करा. सूर्याची मक्तेदारी कुणाला घेता येत नाही, हा त्यांचा शेवटचा आणि सगळ्यात आवडता मुद्दा. सकाळचा तो बंब तुम्हाला इथे आठवायला हरकत नाही. दिल्ली-मुंबईच्या कुठल्याही अणुपरिषदेत दमट ढलप्यांचा विषय निघाल्याचं मी तरी वाचलेलं नाही.

मला या भाषणातलं सूर्याचं भाकीत सगळ्यात मोठं वाटत नाही. मोठी वाटते ती जागा. १९४८ मध्ये अणुऊर्जेचा कायदा संविधान सभेपुढे आला तेव्हा एका सदस्यानं विचारलं होतं, की ब्रिटनमध्ये गुप्तता संरक्षणापुरती आहे, आपण ती संशोधनालाही का लावतो? नेहरूंनी प्रामाणिकपणे सांगून टाकलं की या दोन्ही गोष्टी वेगळ्या कशा करायच्या ते आपल्याला कळत नाही. तेव्हापासून अणूचा हिशेब बंद दाराआड गेला. संसदेत त्यावर बोलायचं तर आकडे नाहीत, आकडे असलेल्यांना बोलायची मुभा नाही. कोसंबींनी तो हिशेब दंतवैद्य आणि साखरेच्या व्यापाऱ्यांपुढे मांडला. त्यांच्यापाशी कुठलं गुपित नव्हतं. ग्रंथालयात मिळणारी माहिती आणि चौथीतला गुणाकार-भागाकार एवढ्यावरच सगळं उभं होतं. ज्या संस्थेचा पगार ते घेत होते तिचा बहुतेक पैसा अणुऊर्जा खात्याकडून येई, हेही सभेतल्या सगळ्यांना माहीत होतं.

भाषण संपल्यावर शेजारचे गृहस्थ छत्री उचलतात.

“पटलं का हो?”

“तुम्हाला?”

“खर्चाचं पटलं. बाकी रशियाच्या बाँबबद्दल एक अक्षर बोलले नाहीत, बघितलंत?”

म्हातारा सोडत नाही आणि त्याचं बरोबर आहे. कोसंबी ज्या जागतिक शांतता परिषदेचं काम करत तिच्या पाठीशी मॉस्को होतं, ही उघड गोष्ट. अमेरिकी साम्राज्यवादावर त्यांची लेखणी जितकी तुटून पडे तितकी ती सोव्हिएत रणगाड्यांवर पडली नाही. चीनला ते जाऊन आले होते आणि तिथल्या नव्या राजवटीकडून त्यांना मोठ्या आशा होत्या. एका लष्करी सत्तेपासून अंतर राखताना दुसरीच्या मांडवात बसावं लागणं, ही त्या काळच्या शांततावाद्यांची अडचण होती. पुण्याच्या प्राध्यापकाची त्यातून सुटका झाली नाही. पण म्हणून भागाकार चुकत नाही.

इथून पुढची वर्षं भराभर ओलांडू. १५ जानेवारी १९६२, कुलाबा. नेहरूंच्या हस्ते संस्थेच्या नव्या इमारतीचं उद्घाटन. समोर समुद्र, हिरवळ, भिंतींवर चित्रं. भाभांची अभिरुची अस्सल होती, हे इथे फिरताना मान्य करावंच लागतं. त्याच वर्षी कोसंबींचा करार संपतो आणि संस्था तो पुढे वाढवत नाही. का, यावर लोक आजही भांडतात. एक बाजू म्हणते राजकारण आणि अणूवरची टीका. दुसरी म्हणते, त्यांनी रीमानच्या गृहीतकाची सिद्धता मिळाल्याचा दावा केला, तो शेतकी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापला आणि गणितज्ञांमध्ये हसं करून घेतलं. शिवाय पुण्यात राहून मुंबईच्या संस्थेत किती काम होणार, हाही प्रश्न होताच. मला वाटतं, सगळीच कारणं खरी होती. संस्थांना नकोसा माणूस काढायचा असतो तेव्हा एक कारण पुरत नाही, आणि तीन मिळाली की त्यांतलं खरं कोणतं हे कुणालाच सांगावं लागत नाही. ऑक्टोबरमध्ये चीनचं युद्ध झालं आणि शांततेवर बोलायची सोयच संपली.

१९६४ मध्ये वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं त्यांना मानद शास्त्रज्ञ नेमलं, मुक्काम पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत. डेक्कन क्वीनचा पास तर आधीच सुटला होता.

त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला भांडारकर रस्त्यावरच्या कुठल्याही दिवाणखान्यात मर्फीच्या रेडिओपाशी बसा. आठ दिवसांपूर्वी चीननं पहिला अणुबाँब उडवलाय आणि आकाशवाणीवर भाभा बोलताहेत. ते निःशस्त्रीकरणाची बाजू घेतात, आणि बोलता बोलता एक आकडाही देतात: दहा किलोटनाचा बाँब सुमारे साडेसतरा लाख रुपयांत पडतो, वीस लाख टनांचा तीस लाखांत. दिवाणखान्यातल्या माणसांचे डोळे विस्फारतात. एवढ्यात होतो? भट्टी केवढ्याची, प्लुटोनियम वेगळं करणारा कारखाना किती कोटींचा, बाँब वाहून न्यायला विमान लागतं ते किती, हे त्या आकड्यात नव्हतं. चार वर्षांपूर्वी रोटरीत उलगडून दाखवलेली युक्ती उलटी फिरवली होती, एवढंच. पुढारलेल्या देशांत लष्कराचा खर्च लपवून वीज स्वस्त केली होती, इथे भट्टीचा खर्च वगळून बाँब स्वस्त झाला. भाभा खोटं बोलत होते असं मी म्हणत नाही. आकडा कुठून मोजायला सुरुवात करायची, एवढाच तो प्रश्न असतो आणि ती सुरुवात निवडण्यात सगळं राजकारण येतं.

२४ जानेवारी १९६६ ला भाभांचं विमान माँ ब्लाँवर कोसळलं. २९ जूनला कोसंबी पुण्यातल्या घरी झोपेतच गेले. वय वर्षं अठ्ठावन्न.

१८ मे १९७४ ला उतरा. शनिवार. रेल्वेचा देशव्यापी संप चालू असल्यामुळे पुणे स्टेशन ओस पडलंय. सकाळी आठ वाजून गेल्यावर राजस्थानात पोखरणला जमिनीखाली स्फोट होतो आणि बातमी रेडिओवर येते. त्या स्फोटातलं प्लुटोनियम ‘सायरस’मधलं. पंधरा दिवसांची भट्टी आता चौदा वर्षांची झाली होती. कॅनडानं संतापून अणुसहकार्य थांबवलं. आणि सुरुंग उडवणारी यंत्रणा? ती पुण्याची. पाषाणच्या ज्या प्रयोगशाळेला आज आपण उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळा म्हणून ओळखतो तिथे स्फोटनाची यंत्रणा तयार झाली होती. कोसंबींच्या घरापासून सायकलनं फार तर अर्धा तास. पेढे वाटले गेले. डबेवाल्या शास्त्रज्ञांपैकी काहींना आपण काय बनवत होतो ते त्या दिवशी समजलं असेल, काहींना आधीपासून माहीत असेल. बायकोला कोणीच सांगितलं नसावं.

प्रयोगाला नाव पडलं ‘स्मायलिंग बुद्धा’. धर्मानंद कोसंबींनी पाली ग्रंथांतून बुद्धाचं चरित्र मराठीत आणलं, त्यासाठी उभं आयुष्य घातलं आणि १९४७ मध्ये सेवाग्रामला अन्न सोडून देह ठेवला. त्यांच्या मुलानं ज्या भट्टीला पंधराव्या दिवशी आकड्यांत पकडलं, तिच्यातून हा बुद्ध हसत बाहेर आला. ११ मे १९९८ ला दुसऱ्यांदा पोखरण झालं, तो दिवस तर बुद्धपौर्णिमेचाच होता. त्या वेळी मात्र टाटा संस्थेसह देशातल्या काही संस्थांमधल्या शास्त्रज्ञांनी जाहीर निषेध केला, सह्या केल्या. अल्पसंख्य होते. पण बोलले.

आता आपल्या सालात परत. भांडारकर रस्त्यावरचे बंगले पाडून इमारती झाल्यात. गच्चीवर चढलात तर काळ्या नळ्यांचे सौर बंब रांगेनं दिसतील. पुण्याइतके ते फार थोड्या शहरांत सापडतात. १९६२ मध्ये भाभांनी अंदाज केला होता, की १९८७ पर्यंत अणूची वीज वीस ते पंचवीस हजार मेगावॉट होईल. १९८७ मध्ये ती दीड हजारही नव्हती, आणि आजही देशाच्या विजेत तिचा वाटा शेकडा तीनच्या आसपास घुटमळतो. सूर्याची क्षमता २०२५ च्या आरंभी एक लाख मेगावॉटच्या पुढे गेली. कोसंबी जिंकले, असं म्हणून गच्चीवरून उतरू नका. त्यांना हवी होती गावागावातली, जागच्या जागी वापरायची शक्ती. आज मोठी वीज येते ती हजारो एकरांच्या सौर बागांतून. त्यांची मालकी मोठ्या कंपन्यांची आणि पट्ट्यांतले सेल पुष्कळसे चीनचे. सूर्याचा मक्ता घेता येत नाही हे खरं. जमिनीचा आणि सेलचा घेता येतो, हे रोटरीतल्या एखाद्या कारखानदारानं तेव्हाच सांगितलं असतं.

पाषाण रस्त्याला वळा. रासायनिक प्रयोगशाळा, तिच्या शेजारी २००६ मध्ये निघालेली आयसर ही विज्ञानसंस्था, पुढे कुंपणं, पहारे, छायाचित्र काढू नये अशा पाट्या. पिनाक अग्निबाण याच भागातल्या संस्थांनी घडवला. ९ ऑगस्ट २०१७ ला विज्ञानासाठी मोर्चे निघाले तेव्हा पुण्यातही लोक रस्त्यावर आले. संशोधनाला पैसा द्या, अंधश्रद्धा पसरवू नका, अशा मागण्या होत्या. संरक्षण संशोधनावर त्यात काही नव्हतं आणि असण्याची कोणाची अपेक्षाही नव्हती. केंद्रीय कर्मचाऱ्यांचे सध्याचे वर्तणूक नियम १९६४ मध्ये आले, म्हणजे कोसंबी टाटा संस्थेतून गेल्यावर दोन वर्षांनी. त्यांतला नववा नियम सरकारी धोरणावर जाहीर टीका करायला मनाई करतो.

रोटरीची सभा अजून भरते. पाषाणच्या ओळखीच्या एखाद्या शास्त्रज्ञाला फोन करा आणि अणुधोरणावर बोलायला बोलावून बघा. माणूस भला असतो, नाही म्हणणार नाही. तो येईल आणि बहुतेक सौर बंबाची देखभाल कशी करावी यावर पॉवरपॉइंट दाखवेल.